जर्मनी आणि फ्रान्सचं एकच इतिहासाचं पुस्तक: युरोपातली मुलं एकमेकांच्या युद्धांबद्दल काय शिकतात?

नेकारकाठ (धागाकर्ती)

फ्रान्स आणि जर्मनी १८७० ते १९४५ या काळात तीनदा एकमेकांशी लढले. २००६ मध्ये याच दोन देशांत शाळेसाठी इतिहासाचं एकच पुस्तक निघालं. फ्रान्समधलं नाताँ आणि जर्मनीतलं क्लेट या दोन प्रकाशनांनी मिळून ते काढलं. एक आवृत्ती फ्रेंच, एक जर्मन, पण आतला मजकूर, चित्रं आणि नकाशे तेच. पहिल्यांदा आला तो १९४५ नंतरच्या काळाचा खंड. २००८ मध्ये १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपासून १९४५ पर्यंतचा आला, आणि २०११ मध्ये प्राचीन काळापासून नेपोलियनपर्यंतचा. म्हणजे काम उलटीकडून झालं.

कल्पना मंत्र्यांची नव्हती. जानेवारी २००३ मध्ये फ्रान्स-जर्मनी मैत्रीच्या एलिझे कराराला ४० वर्षं झाली, तेव्हा बर्लिनमध्ये दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची युवा संसद भरली होती. ही मागणी तिथल्या मुलांची. फ्रान्सचे अध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे चान्सेलर श्र्योडर यांनी ती उचलून धरली.

मला रस आहे तो लेखकांचं अडलं कुठे यात. महायुद्धांवर अडलं असेल असं कुणालाही वाटेल, पण नाझी गुन्ह्यांबद्दल दोन्हीकडच्या इतिहासकारांत वाद उरलेलाच नव्हता. अडलं अमेरिकेवर! १९४५ नंतरची अमेरिका जर्मन लेखकांना राखणदार वाटत होती, फ्रेंच लेखकांना तिच्या दादागिरीबद्दलही लिहायचं होतं. कम्युनिस्टांबद्दल तसंच. फ्रेंचांच्या डोळ्यांसमोर नाझींविरुद्ध भूमिगत लढलेले कम्युनिस्ट, तर जर्मनांच्या डोळ्यांसमोर पूर्व जर्मनी आणि तिची भिंत.

असा प्रयत्न पहिलाच होता असंही नाही. १९३५ मध्ये दोन्ही देशांचे इतिहासकार पॅरिसला बसले होते आणि शाळेत वादाचे विषय कसे शिकवावेत याचे मुद्दे त्यांनी काढले होते. हिटलरच्या जर्मनीत त्यांना कोण विचारतो. युद्धानंतर, १९५१ मध्ये, तेच कागद पुन्हा बाहेर निघाले आणि त्यावर सहमती झाली. त्यातला एक मुद्दा असा की १९१४ चं युद्ध कुणा एका सरकारने किंवा एका राष्ट्राने ठरवून घडवलं, असं उपलब्ध कागदपत्रांवरून म्हणता येत नाही. आणि दहाच वर्षांनी, १९६१ मध्ये, फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने लिहिलं की जबाबदारीचा मोठा वाटा जर्मनीचाच! जर्मनीत प्रचंड गदारोळ झाला. म्हणजे शेजाऱ्याने माफ केलेलं घरच्याच माणसाने पुन्हा खात्यावर मांडलं. माझ्या मते युरोपातल्या या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

थोरली यंदा शाळेच्या अदलाबदलीत फ्रान्सला जाणार आहे, त्यानिमित्ताने हे सगळं वाचत होते. आम्ही स्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्गला राहतो. तुम्ही जिथे आहात तिथे मुलांना हा इतिहास कसा शिकवतात? भारतातल्या शिक्षकांचं मतही वाचायला आवडेल.

खडूफळा

उत्तम धागा. माणगाव तालुक्यात तीस वर्षांहून अधिक इतिहास शिकवला, आता निवृत्त. आमच्याकडे युरोप म्हणजे प्रबोधन, औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धं, कारणे लिहा, परिणाम लिहा. त्यात पोरांचा दोष नाही, पेपरच तसा असतो.

माझा प्रश्न साधा आहे. पुस्तकात दोन मतं दिली, तर परीक्षेत उत्तर कोणतं बरोबर धरायचं? आणि शिक्षकाने वर्गात स्वतःचं मत सांगायचं की नाही?

शेवटचा_बाक

जरा थंड पाणी ओततो. हे पुस्तक किती शाळांत लागलं? माझ्या माहितीप्रमाणे फार थोड्या, त्याही बहुतेक द्विभाषिक वर्गांत. कौतुकाच्या बातम्या छापून आल्या, फोटो निघाले, पुढे काय? आणि एवढं शिकवूनही फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीत अतिउजव्या एएफडीला २०.८ टक्के मतं मिळाली, दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष. त्यांचा नेता ब्यॉर्न ह्योके २०१७ मध्ये ड्रेस्डेनच्या सभेत म्हणाला होता की आमच्या (म्हणजे नाझी काळाच्या) स्मरणाच्या धोरणात १८० अंशांचं वळण हवं. तोही याच शाळांतून शिकला ना? वर कळस म्हणजे तो स्वतः इतिहासाचा शिक्षक होता.

नेकारकाठ

@शेवटचा_बाक, पुस्तकाबद्दल बरोबर आहे तुमचं. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. सोळा राज्यांचे सोळा अभ्यासक्रम, आणि पलीकडे पॅरिसहून ठरणारा एकच. या सगळ्यांत बसेल असं पुस्तक करणं म्हणजे दिव्य होतं, आणि ते मुख्य प्रवाहात आलं नाहीच. ह्योकेबद्दलही मान्य. शाळा म्हणजे लस नव्हे.

@खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराजवळच आहे. इथून थोड्या अंतरावर बॉयटेल्सबाख नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. १९७६ मध्ये डाव्या आणि उजव्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ तिथे जमले. शाळेत राजकारण कसं शिकवायचं यावरून त्यांची तोवर जोरात जुंपलेली होती. तिथून तीन तत्त्वं निघाली. एक, शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. दोन, जे अभ्यासकांत आणि समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यायला हवं. तीन, मुलाला परिस्थितीत आपलं हित कशात आहे ते ओळखता यायला हवं. गंमत म्हणजे तेव्हा कुणी ठराव केला नव्हता की सह्या नव्हत्या. परिषदेचा वृत्तान्त लिहिणाऱ्याने हे मुद्दे टिपले, आणि आज जर्मनीभर शिक्षक त्यांचा दाखला देतात.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगू नये असा याचा अर्थ नाही. सांगावं, पण तेच उत्तर पेपरात मागू नये. मुलीच्या पेपरात बहुतेक वेळा एक भाषण किंवा व्यंगचित्र असतं. कुणी काढलं, कधी, कुणासाठी, यात काय गाळलंय, असे प्रश्न. कोणतंही मत चालतं, आधार द्यावा लागतो. मात्र ज्यूंचा संहार झालाच नाही हे इथे ‘दुसरी बाजू’ म्हणून चालत नाही, तो गुन्हा आहे.

मोरपंखी

वाचतेय. जर्मनीतल्या बव्हेरियात राहते, भाचा इथे गिम्नाझियुममध्ये आहे. इकडे गिम्नाझियुम आणि रेआलशुले या दोन प्रकारच्या माध्यमिक शाळांतल्या मुलांना छळछावणीच्या स्मारकाला भेट द्यावीच लागते. त्याचा वर्ग डाखाऊला गेला. १९३३ च्या मार्चमध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत सुरू झालेली छावणी. भाचा घरी येऊन गॅस चेंबरबद्दल काही बोलला नाही. छावणी गावाला इतकी लागून आहे, मग गावातल्या लोकांना काय काय दिसत होतं, हेच विचारत राहिला.

कोल्हापुरी_कट्टा

एवढा धागा झाला आणि अजून कुणी वळिवड्याचं नाव काढलं नाही म्हणजे कमाल आहे राव!

१९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. तिकडं जामनगरला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीत पोलिश मुलांना आसरा दिला ते सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडची छावणी त्याहून कितीतरी मोठी होती. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये स्मारक आहे. पोलंडचे म्हातारेकोतारे लोक अजून आपलं बालपण शोधत येतात.

आणि ऐका, पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला निम्मा जिल्हा तिथं जातो, पण दुकानात बसलेल्याला विचारलं तर दहातल्या एकाला ही गोष्ट माहीत असेल नसेल. आमच्या शाळेत तर हे कधीच कुणी सांगितलं नाही.

आता सांगा, हा युरोपचा इतिहास की कोल्हापूरचा?

नेकारकाठ

कट्टाभाऊ, हा प्रतिसाद नुसता अभिमानाचा विषय म्हणून सोडून देऊ नका, कारण धाग्याचा सगळ्यांत अवघड भाग इथेच आहे.

वळिवड्याची ही माणसं पोलंडहून थेट आली नव्हती. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला आणि त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोप वाटून घेतला गेला. सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया पोलंडमध्ये घुसले. पूर्वेकडच्या लाखो पोलिशांना १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं गेलं. पुढे हिटलर रशियावर उलटला, मग त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे त्यातले काही हिंदुस्थानात पोचले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. परत जायचं ते कुठे? म्हणून बरेच जण पोलंडला न जाता इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले.

आता पाठ्यपुस्तकांकडे या. डिसेंबर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सेलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या वस्तीतल्या उठावाच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, युनेस्कोच्या छत्राखाली पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांचा पाठ्यपुस्तक आयोग सुरू झाला. ब्राउनश्वाइगची गेओर्ग एकर्ट यांची पाठ्यपुस्तकांवर संशोधन करणारी संस्था हे काम बघत होती. १९७६ मध्ये आयोगाच्या शिफारशी आल्या. त्यांत हिटलर-स्टालिन कराराबद्दल आणि कातिनबद्दल काहीच नाही! (कातिन म्हणजे १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या ते हत्याकांड.) वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मॉस्कोविरुद्ध एक ओळ लिहू देणं शक्य नव्हतं.

तेव्हा वळिवड्याला लहानाची मोठी झालेली जी मुलं परत पोलंडला गेली, त्यांना आपण मुळात कोल्हापूरला का पोचलो हे १९८९ पर्यंत शाळेच्या पुस्तकात वाचता आलं नाही. शिफारशींवर जर्मनीतही शंख झालाच. पूर्वेकडच्या प्रदेशांतून हाकलल्या गेलेल्या जर्मनांच्या संघटना चिडल्या की आमच्या हालांना यात शब्दच सौम्य वापरलेत. काही राज्यांनी शिफारशी मान्यच केल्या नाहीत.

तरी आयोग बंद पडला नाही. भेटत राहिला, १९८९ नंतर गाळलेल्या विषयांवर आला, आणि जर्मन-पोलिश सामायिक पुस्तकाचे चार खंड २०१६ ते २०२० मध्ये निघाले. १९७२ ते २०२०! म्हणून कुणी म्हणालं की दोन देशांनी मिळून एक पुस्तक काढावं म्हणजे वैर संपेल, तर मला हसू येतं. आधी अर्धवट, दबलेली, चुकार कागदपत्रं निघतात. ती घेऊन दोन्हीकडची माणसं पुन्हा बसतात का, एवढंच बघायचं.

कोल्हापुरी_कट्टा

कातिनचं आणि वळिवड्याचं नातं असं लागतं हे डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला गेले तेव्हा इथं पेढे वाटायचेच बाकी होते. दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतभेटीला बोलावायची योजना जाहीर केली, पण नाव जामसाहेबांचं. आम्ही परत मागच्या बाकावर!

शेवटचा_बाक

मागच्या बाकावर स्वागत आहे.

पण मुख्य मुद्दा राहिलाच. ‘युद्धातून शांततेकडे’ ही युरोपची गोष्ट फक्त युरोपच्या आतली आहे. ८ मे १९४५ ला युरोपात विजय साजरा होत होता, त्याच दिवशी अल्जीरियातल्या सेतिफमध्ये स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत फ्रेंचांनी हजारो माणसं मारली. युरोपीय समुदायाचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम कराराच्या मजकुरात अल्जीरियाचं नाव आहे, कारण तेव्हा तो फ्रान्सचाच भाग मानला जात होता. म्हणजे ज्या साली शांततेचा प्रकल्प सुरू झाला त्या साली सहापैकी एक सदस्य भूमध्य समुद्रापलीकडे युद्ध लढत होता. हे मुलांना शिकवतात का?

मांडवीतीर

+१. यात पोर्तुगालही घ्या. हुकूमशहा सालाझारच्या शाळांत साम्राज्य हे राष्ट्राचं भूषण म्हणून शिकवलं जायचं आणि आमचं गोंय त्यात सागरापलीकडचा प्रांत होतं. १९७४ ची क्रांती झाली, १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, आणि १९६१ च्या आधी जन्मलेल्या गोंयकारांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्टवर थेट युरोपची दारं उघडली. माझे दोन आतेभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत. ब्रेक्झिटच्या वेळी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. युरोपच्या एकीकरणाचा फायदा घेणारी आणि तोटा सोसणारी ही कोकणी माणसं कुठल्या पुस्तकात बसवणार?

नेकारकाठ

दोघांचंही पटतं, बचाव करत नाही. ब्रसेल्सला २०१७ मध्ये युरोपीय संसदेने ‘युरोपीय इतिहास भवन’ हे संग्रहालय उघडलं. २४ भाषांत माहिती, प्रवेश फुकट. तिथे वसाहतवाद आहे, पण तो वाटेत लागणारा एक टप्पा आहे, मुख्य रस्ता १९४५ आणि ब्रसेल्सकडेच जातो. अल्जीरियाबाबत फ्रेंच इतिहासकार बेंजामँ स्तोरा यांचा अहवाल २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमायचं ठरलं. म्हणजे जर्मनीबरोबर १९५१ मध्ये जे झालं त्याची अल्जीरियाबरोबर आत्ता कुठे सुरुवात. हरलेल्या शेजाऱ्याशी बोलणं सोपं गेलं, ज्यांच्यावर राज्य केलं त्यांच्याशी अवघड जातंय, असं मला दिसतं.

खडूफळा

वाचतो आहे, शिकतो आहे. एक भर घालतो. आमच्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. दर वर्षी मुलांना मी पुतळ्यापाशी नेत असे. एका मुलीने एकदा विचारलं, सर, इटली तर हिटलरच्या बाजूला होती ना, मग तिथल्या गावाने यांचं स्मारक कशाला करायचं? (तेव्हा मोन्तोनेतल्या स्मारकाची बातमी आली होती.) १९४३ मध्ये मुसोलिनी पडला, इटलीने बाजू बदलली, जर्मन सैन्याने देश व्यापला, हे सगळं मला त्या एका प्रश्नासाठी सांगावं लागलं. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने तो तास कधी इतका रंगला नव्हता.

मला वाटतं आपल्याकडच्या मुलांना युरोप शिकवायचा तर दारातून सुरुवात करावी. कोल्हापूरला वळिवडे, इकडे घाडगे, गोव्यात पासपोर्ट.

सह्यकडा

अवांतर वाटलं तर सोडून द्या, पण कुणीतरी बोलायलाच हवं. भारत-पाकिस्तानचं असं पुस्तक होईल का?

शेवटचा_बाक

लो, आलाच प्रश्न. :) माझं उत्तर ‘नाही’. फ्रान्स-जर्मनीच्या डोक्यावर सोव्हिएत रशिया हा समान शत्रू होता, अमेरिकेचा पैसा होता, आणि सीमेचा वाद मिटलेला होता. आधी दोघांचे कोळसा आणि पोलादाचे उद्योग एका सामायिक संस्थेखाली आले, पुस्तक पंचावन्न वर्षांनी. आपल्याकडे साधा व्हिसा मिळत नाही.

नेकारकाठ

क्रम तुम्ही बरोबर सांगितलात, फक्त त्यात एक पायरी राहिली. पुस्तकाच्या कितीतरी आधी मुलांची ये-जा सुरू झाली. लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधलं माँबेलियार ही १९५० मध्ये जोडशहरं झाली, जर्मनी-फ्रान्समधली पहिली जोडी. सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आमच्या इथल्या राजवाड्याच्या अंगणात उभे राहून जर्मन तरुणांशी जर्मनमध्ये बोलले. हा माणूस १९१६ मध्ये व्हर्दांच्या लढाईत जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत गेला होता! पुढच्या वर्षी एलिझे करार झाला आणि त्यातून फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय निघालं. तेव्हापासून ९० लाखांहून जास्त तरुण या देवाणघेवाणीत गेले आहेत. पद्धत अगदी घरगुती. तुमची मुलगी आठवडाभर त्यांच्याकडे राहते, मग त्यांची तुमच्याकडे.

उलट उदाहरण हवं तर बोस्नियाचं घ्या. युद्ध संपून तीस वर्षं झाली तरी तिथे ‘एका छपराखाली दोन शाळा’ चालतात. इमारत एक, पण बोस्नियाक आणि क्रोएट मुलांचे वर्ग वेगळे, अभ्यासक्रम वेगळा, काही ठिकाणी दारंही वेगळी. यायत्से गावात प्रशासन आणखी एक वेगळी शाळा काढायला निघालं, तेव्हा दोन्हीकडची मुलं मिळून रस्त्यावर उतरली आणि २०१७ मध्ये तो बेत मागे घ्यावा लागला. युद्धाच्या वेळी त्यांतलं कुणी जन्मलंही नव्हतं. त्यांना सामायिक पुस्तक मिळालेलं नाही, अजूनही नाही.

सह्यकडा

यायत्सेच्या मुलांबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद.

मोरपंखी

नेकारकाठताई, एक व्यवहारातला प्रश्न. भाच्याचा वर्ग पुढच्या वर्षी पोलंडला जाणार आहे, पासपोर्ट भारतीय आहे. वेगळा व्हिसा लागेल का?

नेकारकाठ

जर्मनीचा वैध रहिवासी परवाना असेल तर शेंगेन देशांत (सामायिक व्हिसाचे युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पोलंड शेंगेनमध्ये आहे. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ प्रती बरोबर द्या, झेरॉक्स चालत नाही. सहलीच्या तारखेपर्यंत परवाना संपत नाही ना तेही आत्ताच बघा. इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात नूतनीकरणाची वेळ मिळायला महिने लागू शकतात.

कोल्हापुरी_कट्टा

आणि भाच्याला म्हणावं, तिकडं कुणी आजी-आजोबा भेटले तर ‘कोल्हापूर’ म्हणून बघ. ओळख निघाली तर इथं येऊन लिहा नक्की.